नरक्या : एका झुडपाच्या नावांचा इतिहास

सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते आणि पोलादपूर, महाड, दासगाव अशी गावे घेत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर चढत गेले की तिचे हे पहिले, घाईचे वय डोळ्यांसमोर उलट्या क्रमाने उलगडत जाते. उतारावर आधी ऐन-किंजळ भेटतात, मग हवा ओली होते आणि जांभूळ, अंजनी, हिरडा यांची सदाहरित दाटी सुरू होते. या दाटीच्या सावलीत, मोठ्या झाडांच्या खालच्या मजल्यावर, सह्याद्रीतली पुष्कळशी झुडपे आपले आयुष्य काढतात. त्यांच्यापैकी एकाविषयी हा लेख आहे. त्याचे नाव नरक्या.

नरक्या म्हणजे तीन-चार पुरुष उंचीचे छोटे झाड, बहुधा झुडूपच. पाने रुंद, लांब देठाची आणि फांद्यांच्या टोकांशी गर्दी करणारी. गळलेल्या पानांचे वण फांदीवर ठळक उमटलेले. पावसाळ्यात त्याला पिवळसर पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे येतात. पुढे एका बीची फळे धरतात आणि ती पिकत जाताना जांभळी, काळसर होतात. दिसायला झाड वाईट नाही. पण फुलांना घाण वास येतो, पान चुरगाळले तरी येतो, आणि या झाडाचे सगळे चरित्र त्या वासाभोवती घडले आहे.

मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी या नावापाशी थोडे थांबावे. संस्कृतातील ‘नरक’ हे परलोकाचे स्थान आहे. मराठी बोलीत मात्र ‘नरक’ हा शब्द सरळ विष्ठेसाठीही वापरला जातो. झाडाला नरक्या म्हणणाऱ्या माणसाच्या मनात यमलोक असेल असे वाटत नाही. त्याने वास घेतला आणि ज्या वस्तूचा वास आठवला तिचे नाव दिले. पुराणातला शब्द गोठ्याच्या मागे येऊन पडावा आणि तिथून पुन्हा रानात चढून एका झुडपाला चिकटावा, असा हा प्रवास आहे. याच झाडाला कुठे घाणेरा म्हणतात. ‘अमृता’ असेही एक नाव वनस्पतींच्या पुस्तकांतून दिलेले आढळते. पण गुळवेललाही अमृता म्हणतात, त्यामुळे या नावाने विचारणारा भलत्याच वेलीपाशी पोचण्याची शक्यता अधिक.

घाणेरा या नावाचीही एक गंमत आहे. आज ‘घाणेरी’ म्हटले की मराठी माणसाला टणटणी आठवते: रंगीबेरंगी फुलांची, काटेरी, बांधाबांधावर पसरलेली. ती मूळची अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून देशभर सुटली. ज्या रानात आधीच एक घाणेरा होता त्या रानात ही परदेशी घाणेरी उतरली आणि नाव जवळजवळ पूर्ण आपल्याकडे ओढून बसली. नावाबरोबर जागाही. जिथे झाडी तुटून ऊन जमिनीपर्यंत पोचते तिथे टणटणी आधी येते, आणि तिच्या जाळीखाली सावलीतल्या झुडपांची रोपे तगत नाहीत. कोकणात तिच्या जोडीला दुसरी अमेरिकन पाहुणी आहे, आणि तिचे बारसे करताना आपल्या लोकांनी कवीलाही साधणार नाही इतका नेमका शब्द शोधला आहे: रानमोडी.

आता नरक्याच्या शास्त्रीय नावांकडे. तीही एक छोटी बखरच आहे.

१८३९ साली मुंबईत जॉन ग्रॅहमचा ‘मुंबई व आसपासच्या वनस्पतींचा कॅटलॉग’ छापला गेला. ग्रॅहम पेशाने टपाल खात्यातला अधिकारी, मुंबई इलाख्याचा डेप्युटी पोस्टमास्तर जनरल. झाडे हा त्याचा छंद. पुस्तकाची छपाई चालू असतानाच खंडाळ्याला त्याचा मृत्यू झाला, वय जेमतेम चौतीस. उरलेले काम त्याचा मित्र जोसेफ निम्मो याने पुरे केले. याच निम्मोच्या नावाने ग्रॅहमने पुस्तकात एक झाड नोंदवून ठेवले होते, ‘प्रेम्ना निम्मोनियाना’. ते आपले नरक्या. ग्रॅहमची यात एक चूक झाली. प्रेम्ना म्हणजे ऐरणाचे कुळ, आणि नरक्या त्या कुळातला नव्हे. तेवढ्यामुळे ते नाव पुढे बाजूला पडले. मद्रासकडच्या रॉबर्ट वाइटने हे झाड पुन्हा, वेगळ्या कुळात घालून वर्णिले आणि त्याला विशेषण दिले ‘फीटिडस’, म्हणजे दुर्गंधी. इथे मला नेहमी कौतुक वाटते ते याचे, की पोलादपूरच्या रानातला गुराखी आणि लॅटिन लिहिणारा स्कॉटिश डॉक्टर यांनी एकमेकांना न विचारता एकच नाव ठेवले. या बाबतीत विद्येने अनुभवावर काही मात केली नाही.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षे ‘मॅपिया फीटिडा’ हे नाव चालले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचा प्राचार्य थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची जी वनस्पतिसूची प्रसिद्ध केली, तिच्यातही नरक्या या नावाने येतो. विसाव्या शतकात त्याचा ‘नॉथापोडायटिस’ या प्रजातीत समावेश झाला. ग्रीक ‘नॉथॉस’ म्हणजे अनौरस. म्हणजे ‘खोटा ॲपोडायटिस’. शेवटी डेव्हिड मॅबर्ली या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुने दप्तर तपासून, आधी दिलेले विशेषण ग्राह्य या नियमाने, ग्रॅहमचे नाव परत आणले. आजचे अधिकृत नाव ‘नॉथापोडायटिस निम्मोनियाना’. वास नावातून गेला, अनौरसपणा राहिला आणि एका मित्राच्या मृत्यूनंतर त्याच्या पुस्तकाची मुद्रिते तपासणारा निम्मो कायमचा झाला.

ही नावांची कथा इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. नरक्याविषयी जे लिहिले गेले ते जवळजवळ एवढेच होते. तो कोणत्या देवाला वाहत नाहीत. आयुर्वेदाच्या नेहमीच्या द्रव्यांत त्याची गणना होत नाही. त्याचे लाकूड बांधकामाला लागण्याइतके मोठे होत नाही. मराठी ललित निबंधाने पळस, पांगारा, बहावा, सावर यांना मनसोक्त जागा दिली. पावसाळी धुक्यात सडक्या वासाची फुले फुलवणाऱ्या झुडपाकडे तो निबंध वळला नाही, आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. उपयोगाच्या, पूजेच्या आणि सौंदर्याच्या अशा तिन्ही वह्यांमध्ये ज्याचे खातेच नाही असे हे झाड. आणि माझे म्हणणे असे की शतकानुशतके त्याला राखले ते या खाते नसण्यानेच. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस एकदम गिऱ्हाईक दारात आले तेव्हा तेच त्याच्या मुळावर आले.

रानाशी आपल्या राज्यसंस्थांचे नाते कसे होते हे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. महाड-पोलादपूरच्या वरचा मुलूख म्हणजे जावळीचा मुलूख. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी तो मोऱ्यांकडून घेतला, प्रतापगड बांधून काढला आणि १६५९ मध्ये अफजलखानाला इथेच ओढून आणले. दाट रान हे इथे सैन्यबळाइतकेच मोलाचे होते. पण झाडांचा म्हणून विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त येतो तेव्हा तो उपयोगाच्या झाडांचा येतो. आरमाराला साग-शिसव लागतात, आंबे-फणसही लागतात. पण ही झाडे रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, तेव्हा धन्याला राजी केल्यावाचून त्यांना हात लावू नये, असा त्या उपदेशाचा आशय. हे कलम पर्यावरणविषयक व्याख्यानांत वारंवार सांगितले जाते, आणि त्यातली माणुसकी खरीच मोठी आहे. तरी ते कलम ज्यांना फळ किंवा लाकूड आहे अशा झाडांचे आहे, हे त्या व्याख्यानांत क्वचितच सांगितले जाते.

आता अडीचशे वर्षे पुढे येऊ. महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमन अधिनियम १९६४ चा. त्याच्या अनुसूचीतली नावे अशी: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. सोळा नावे. अमात्यांनी ही यादी वाचली असती तर त्यांना ती ओळखीची वाटली असती. खारफुटी सोडली तर बाकी सगळी फळाची, लाकडाची किंवा कशाच्या ना कशाच्या उत्पन्नाची झाडे आहेत. नरक्या या यादीत नाही. असण्याचे कारणही नव्हते. १९६४ साली त्याच्या अंगात काय दडले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मधल्या काळात या खोऱ्यातून रानाचा माल काही कमी उतरला नाही. महाड हे फार जुने व्यापारी ठिकाण. गावाजवळची गंधारपाल्याची लेणी त्याची साक्ष देतात. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली यायचा आणि सावित्रीच्या भरतीबरोबर बाणकोटकडे जायचा. रानातून निघणाऱ्या वस्तूंत कात होता. खैराचे खोड तोडून, त्याच्या ढलप्या उकळून तो काढायचा. आणि हे काम करणाऱ्या जमातीला कातकरी हे नावच त्या धंद्यावरून पडले. हिरडा होता, जो चामडे कमावण्यासाठी मुंबईमार्गे विलायतेला जाई. शेतीच्या राबासाठी फांद्यांची छाटणी होती. या छाटणीवरून इंग्रज वनखाते आणि कोकणातले शेतकरी यांच्यात १८८० च्या दशकात इतका तंटा झाला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच्याही आधी, १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झालेला अलेक्झांडर गिब्सन कोकणातली झाडी तुटल्यामुळे ओढे आटत चालल्याचे सरकारला कळवत होता. आणि मग कोळसा. कोळशाच्या भट्टीला जात-कुळी लागत नाही, जे लाकूड मिळेल ते चालते. कातकऱ्यांच्या कित्येक पिढ्या पुढे या भट्ट्यांवर राबल्या.

या सगळ्या मालांत एक भेद आहे आणि तो नीट पाहायला हवा. हिरड्याचे फळ वेचतात, झाड उभे राहते. म्हणून कोणाचा हिरडा कोणी वेचायचा याचे गावोगाव संकेत तयार झाले. राबाची फांदी छाटतात, बुंधा राखतात. त्यातही वर्षाआड, वाटणीने छाटण्याची रीत होती. खैराचे खोड जाते, पण खैर पुन्हा फुटतो आणि कातकऱ्याला पुढल्या वर्षी त्याच रानात यायचे असते. हे संकेत आदर्श होते असे नाही. ते मोडलेही पुष्कळ. पण मोडायला तरी ते होते. नरक्याबाबत तोडीचा संकेत कधी जन्मालाच आला नाही, कारण तोडच नव्हती.

१९६६ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून एक अल्कलॉइड वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे नाव कॅम्टोथेसिन. मनसुख वाणी हे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेला गेलेले. पुढे १९७१ मध्ये याच जोडीने टॅक्सॉल हे दुसरे कर्करोगविरोधी द्रव्य जगापुढे मांडले. ज्या चिनी झाडातून कॅम्टोथेसिन निघाले त्याला चिनी भाषेत ‘आनंदाचे झाड’ म्हणतात. आणि सहाच वर्षांनी, १९७२ मध्ये, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य मॅपिया फीटिडामध्ये असल्याचे दाखवून दिले. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. तिकडे आनंद, इकडे नरक, आणि दोन्हींच्या पोटात एकच रेणू. नंदुरबारचा माणूस सातासमुद्रापार चिनी झाडात जे शोधत होता ते सह्याद्रीच्या झुडपात होते, हा योगायोग कथेत घातला असता तर परीक्षकांनी ओढूनताणून आणलेला म्हणून खोडला असता.

लगेच मात्र काही झाले नाही. कॅम्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही; त्याचा क्षार करून १९७० च्या दशकाच्या आरंभी रुग्णांवर चाचण्या केल्या तेव्हा मूत्राशयाला इतकी इजा होऊ लागली की त्या थांबवाव्या लागल्या. नरक्याला आणखी दहा-बारा वर्षे मिळाली. १९८५ मध्ये हे द्रव्य पेशीत नेमके काय करते ते उलगडले. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवणारे एक विकर असते, त्याला ते अडकवून ठेवते. असे काम करणारे दुसरे औषध तेव्हा हाताशी नव्हते, त्यामुळे पुन्हा धावपळ सुरू झाली. कॅम्टोथेसिनच्या रेणूत फेरफार करून बनवलेले इरिनोटेकान जपानमध्ये १९९४ साली मान्य झाले. १९९६ मध्ये अमेरिकेने इरिनोटेकान आणि टोपोटेकान दोन्ही मान्य केली. एक प्रामुख्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर, दुसरे बीजाशयाच्या. आजही ही औषधे दिली जातात आणि त्यांनी कित्येकांचे आयुष्य वाढवले आहे. झाडाची बाजू मांडताना हे विसरून चालणार नाही. आपल्या घरातल्या कोणाच्या तरी शिरेत थेंबथेंब गेलेले औषध कदाचित याच डोंगरातून निघालेले असेल.

पण या औषधांचा आरंभबिंदू म्हणजे नैसर्गिक कॅम्टोथेसिन. ते प्रयोगशाळेत पूर्णपणे बनवता येते, पण झाडातून काढणे स्वस्त पडते. आणि ते नरक्यात इतर ज्ञात झाडांच्या मानाने भरपूर आहे. भरपूर म्हणजे किती? शंभर किलो सुक्या लाकडातून काही शे ग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे किलोभर द्रव्यासाठी शेकडो किलो सुके लाकूड, आणि तेही अशा झाडाचे ज्याचा बुंधा मांडीएवढाही क्वचितच होतो. रुंद पानांचे गर्द छत्र धरून उभे असलेले झुडूप आता वजनाने मोजले जाऊ लागले.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडच्या बातम्यांत नरक्या दिसू लागला. बातमीचा साचा ठरलेला होता: रात्रीची वेळ, टेम्पो किंवा ट्रक, पोत्यांत भरलेल्या ढलप्या, वनखात्याची कारवाई, पंचनामा, मुद्देमाल. वाङ्मयाच्या अभ्यासकाने याची नोंद घ्यावी. ज्या झाडाला ओवीत, आरतीत, ललित लेखात स्थान मिळाले नाही त्याचे मराठी गद्यातले ठळक पदार्पण मुद्देमाल म्हणून झाले. तोडणारे बहुतेक डोंगरातलेच, रोजाने घेतलेले. त्यांना झाड ओळखता येत होते, वासामुळे अंधारातही. आपण काय तोडतो आहोत आणि ते कुठे जाणार आहे हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? रसायन शोधणाऱ्याचे नाव पुस्तकात येते, विकणाऱ्या कंपनीचे पेटंटात. आणि गुन्ह्याच्या कागदावर नाव येते ते कोयता धरणाऱ्याचे.

तोडीची पद्धतही घातक होती. बुंधा राखून कापला तर नरक्या पुन्हा फुटतो. पण द्रव्य मुळांतही असते, चांगले भरपूर असते, म्हणून झाड मुळासकट उपटणे फायद्याचे. शिवाय नरक्याची सर्वच झाडे फळत नाहीत. काहींना केवळ नरफुले येतात. रानात विरळ उरलेल्या झाडांत फळणारे एखादे गेले तर त्या घळीतले पुढले पीक गेले. आणि बी पडले तरी त्याला ओल आणि सावली दोन्ही हवी. उघड्या उतारावर तिथे आधीच रानमोडी पोचलेली असते. दक्षिण भारतातल्या संकटग्रस्त औषधी वनस्पतींच्या ज्या याद्या २००० च्या सुमारास तयार झाल्या, त्यांत नरक्याचे नाव आले. आपल्या भाषेत ज्याला विष्ठेचे नाव होते ते झाड ‘दुर्मीळ’ होण्यास एक पिढीही लागली नाही.

असे झाड सह्याद्रीपुरतेच आहे असे नाही. नॉथापोडायटिसची मंडळी श्रीलंकेत आहेत, आणि तिथून पूर्वेकडे तैवानच्या लानयू बेटापर्यंत व जपानच्या दक्षिणेकडील रिउक्यू बेटांपर्यंत पसरली आहेत. त्या बेटांपैकी अमामीवरचे झाड वेगळ्या जातीचे आहे असे ठरून २००४ मध्ये त्याला स्वतंत्र नाव मिळाले. बेटावरच्या जातीचे दुखणे सहज समजते: भोवती समुद्र आहे, जाणार कुठे? आपल्या डोंगरातले दुखणे तेच आहे, फक्त समुद्र दिसत नाही. पोलादपूरच्या वरच्या एका ओल्या घळीत चार नरक्ये, मग तीन डोंगर उघडे, मग पुढच्या देवराईत दोन. मध्ये रस्ता, पठारावरची विकलेली जमीन, जळून गेलेला गवताळ उतार. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास सुरू केला तेव्हा त्यांनी दाखवून दिले ते हेच, की आजूबाजूचे रान गेल्यावर या देवराया एकट्या उरलेल्या तुकड्यांसारख्या झाल्या आहेत आणि अन्यत्र न दिसणारी झाडे त्यांत तगून आहेत. नरक्याला देवाने कधी जवळ केले नाही, पण देवाच्या जागेत त्याला आसरा मिळाला आहे, तोही केवळ तिथे कोयता न्यायची भीती वाटते म्हणून.

उपाय शोधणाऱ्यांनी पुष्कळ शोधले. रोपवाटिका झाल्या, ऊतिसंवर्धनाचे प्रयोग झाले. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या याच झाडाच्या सालीआड राहणारी एक बुरशी वेगळी केली आणि तीही कॅम्टोथेसिन बनवते असे दाखवले. बुरशी वाढवा, झाड वाचेल, अशी आशा होती. पुढे लक्षात आले की अशा बुरशा झाडाबाहेर पिढ्या काढू लागल्या की ही कला हळूहळू विसरतात. मला यात काही रूपक काढायचे नाही. पण भाषेच्या विद्यार्थ्यांना ते स्वतःहून सुचेल.

कायद्याच्या बाजूला चित्र अधिकच तुटक आहे. घाटमाथ्यावर महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणसंवेदनशील जाहीर झाला. दक्षिणेला कोयनेचे अभयारण्य १९८५ चे, आणि त्याला पोटात घेणारा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. पश्चिमेकडचा, म्हणजे पोलादपूर-महाडकडे कोसळणारा उतार मात्र बराचसा मालकीच्या रानांचा. कोकणात खासगी रान ही जुनी व्यवस्था आहे. मालक ठरावीक वर्षांनी ते ठेकेदाराला देतो आणि ठेकेदार ते सपाट करतो. अनुसूचीतली सोळा झाडे त्यात असतील तर परवानगीचा प्रश्न येतो. खालच्या मजल्यावरच्या झुडपांना कोण विचारणार? २०११ मध्ये गाडगीळ समितीने आणि २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने अहवाल दिले. त्यानंतर २०१४ पासून २०२४ पर्यंत केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे सहा मसुदे काढले. रायगड जिल्ह्यातली घाटालगतची गावे या मसुद्यांच्या याद्यांत आहेत. मसुदा म्हणून.

जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेवर आणि पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे, साखर-सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर. अशा वेळी झाडतोडीकडे बोट दाखवण्याची सवय आपल्याला लागली आहे. नरक्याच्या तोडीशी या दरडींचा संबंध जोडण्याला काही आधार नाही आणि मी तो जोडत नाही. एवढेच म्हणतो की ज्या डोंगरावर माणसांचीच शाश्वती उरलेली नाही तिथे झुडपाची बाजू मांडणे अवघड होते. ऐकणाऱ्याला ती चैन वाटते, आणि त्याचे तसे वाटणे मला पूर्ण चुकीचे म्हणवत नाही. तळियेच्या माणसाला घर हवे आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाने आपल्या परिसरातल्या जिवांची नोंदवही करायची असते. हरित न्यायाधिकरणाने मुदत घातल्यावर २०२० च्या आगेमागे अशा नोंदवह्या घाईघाईने पुऱ्या करण्यात आल्या. नमुन्यात रकाने आहेत: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, पूर्वीची स्थिती, आताची स्थिती, उपयोग, कोणता भाग वापरतात. घाटाखालच्या एखाद्या गावाने नरक्याची ओळ भरायला घेतली तर पहिला रकाना सोपा आहे, म्हाताऱ्यांना नाव ठाऊक असते. दुसरा पुस्तकातून उतरवता येतो. पूर्वीच्या आणि आताच्या स्थितीचे रकाने भरताना थोडी चर्चा होईल. उपयोगाच्या रकान्याशी मात्र लिहिणाऱ्याचे पेन अडेल. गावाच्या लेखी त्या झाडाचा उपयोग काहीच नव्हता, आणि ज्या उपयोगामुळे ते गेले तो गावाचा नव्हता.